डार्सी-एलिझाबेथचं फॅनफिक्शन : तुमची आवडती गोष्ट कोणती?

गोदाकाठची_वाचक (परभणी)

मंडळी, एमएला जेन ऑस्टेनची प्राईड अँड प्रेज्युडिस ही कादंबरी होती म्हणून वाचली, पेपर होऊन गेला पण ते दोघं काही डोक्यातून जाईनात. शेवटची प्रकरणं तर मी पुरवून पुरवून वाचली, संपलं की मग काय वाचायचं म्हणून. मैत्रीण म्हणली अगं फॅनफिक्शन वाच की, एलिझाबेथ अन् डार्सीवर लोकांनी ढिगानं लिहून ठेवलंय. उघडून बघितलं तर खरंच ढीग आहे, हजारोंनी गोष्टी, कुठून सुरू करावं कळंना. एक उघडली तर त्यात डार्सी पहिल्याच नाचाच्या कार्यक्रमात खिदळत गप्पा मारायलाय, मग तो डार्सी कशाचा? दुसरी लई भारी चालली होती, ऐन रंगात आली अन् लिहिणारीनं पुढचा भाग टाकलाच नाही, नुसता जीव टांगणीला.

मला नावांच्या याद्या नकोत, याद्या शोधल्या की सापडतात आणि त्यात सगळ्यांनाच पाच तारे असतात. तुम्हाला कशा तऱ्हेची गोष्ट आवडते, मूळ कथा कुठून वळवलेली आवडते आणि कामून आवडते, ते सांगा. मला प्रेम पाहिजे, भरपूर पाहिजे, पण हळूहळू चढणारं. दोघांचं भांडण पण पाहिजे, ते नसलं तर मजाच नाही. अजून एक, फोन माझी बारकी बहीण पण घेते, तर तेवढं बघून सांगा. अन् सुट्टीत आम्ही आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी असतो, तिथं रेंज नसते, तर डाउनलोड करून वाचता येईल असं काही असलं तर लई बरं होईल.

औसेकर_अक्का (लातूर)

पोरी, बरोबर ठिकाणी विचारलंस. मी हे वाचायले तेव्हापासून घरात कुणाला धड सांगता येत नव्हतं काय वाचायलीस म्हणून, आता तुझ्यासारख्या पोरी उघड विचारायल्या हे बघूनच बरं वाटलं.

माझं म्हणणं ऐक. गोष्ट निवडताना एवढंच बघ की लिहिणारीनं मूळ कथेतलं एक काहीतरी बदललंय का सगळंच बदललंय. एक बदललं, माणसं तशीच ठेवली आणि मग त्या एका बदलामुळं काय काय उलथापालथ होते ते प्रामाणिकपणे लिहीत गेली तर डोळे झाकून वाच. तुझ्या त्या खिदळणाऱ्या डार्सीचा प्रॉब्लेम तोच आहे. त्या मेरिटनच्या नाचात तो एलिझाबेथबद्दल तिला ऐकू जाईल असं बोलतो, बरी आहे पण मला भुरळ पडावी इतकी काही देखणी नाही, ही सगळ्या भांडणाची सुरुवात आहे. ते काढून टाकलं तर पुढं दोघांना एकमेकांकडं यायला वाटच राहत नाही, कारण लांब गेलेलेच नसतात ना.

आता माझी सगळ्यात आवडती जागा सांगते. हन्सफर्ड. एप्रिल महिना, केंटमधलं ते एलिझाबेथच्या नात्यातल्या कॉलिन्सचं घर, एलिझाबेथ एकटी बसलीय आणि डार्सी येऊन लग्नाची मागणी घालतो, अन् मागणी घालता घालता तुझ्या घरचे लोक कसे हलके आहेत तेही ऐकवतो. ती त्याला साफ नाही म्हणते, माझ्या बहिणीचं, जेनचं काय केलंस, त्या फौजेतल्या विकमचं काय केलंस सगळं तोंडावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फिरायला जाते, तिथं तो वाट बघत उभा, हातात पत्र. पुढं करतो, ती न कळत घेते, तो निघून जातो. पत्र किती, तर पूर्ण भरलेले दोन ताव, बारीक दाटीवाटीचं अक्षर, लिफाफ्यावर पण लिहिलेलं, अन् वर सकाळी आठची वेळ. आता तूच बघ, आदल्या संध्याकाळी नकार अन् सकाळी आठला एवढं मोठं पत्र. मधली रात्र पुस्तकात नाहीच. त्या रात्रीवर ज्या ज्या बायकांनी लिहिलंय त्यांचे पाय धरावेत असं मला वाटतं. कुणी लिहितं पत्र पोहोचतच नाही, कुणाचं पत्र डार्सीच्या भावाच्या, कर्नल फिट्झविल्यमच्या हाती पडतं, कुणाकडं ती हात मागं घेते, पत्र घेतच नाही अन् त्याला ते सगळं तोंडानं सांगावं लागतं. ही शेवटची तऱ्हा मला सगळ्यात जास्त आवडते, कारण डार्सीला लिहिता येतं पण बोलता येत नाही, अन् इथं त्याच्यावर बोलायची पाळी येते.

दुसरी तऱ्हा म्हणजे डार्सीच्या बाजूनं सांगितलेली. मूळ पुस्तकात आपण जवळजवळ सगळं एलिझाबेथच्या डोळ्यांनी बघतो. एप्रिलमध्ये नकार घेऊन गेलेला माणूस उन्हाळ्यात पेम्बर्लीला, त्याच्या घरी एकदम भेटतो तेव्हा बदललेला असतो, तिच्या मामा-मामीशी किती अदबीनं बोलतो. पण तो बदलला कसा, लंडनमध्ये त्याचे ते महिने कसे गेले, बहिणीशी काय बोलला, रागावला का रडला, काहीच नाही. सगळी जागा मोकळी. पुढं तिच्याजवळ तो दोन वाक्यांत कबूल करतो की तिच्या शब्दांनी त्याला छळलं, बस. ह्या मोकळ्या जागेत लिहिलेल्या गोष्टी म्हणजे तुला पाहिजे तसं हळूहळू चढणारं प्रेम, कारण त्यात ती समोर नसतेच आणि तरी पानापानावर असते.

आता कामाचं. तू आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर वाच, सगळे त्याला एओथ्री म्हणतात. वाचकांनीच उभी केलेली ना-नफा संस्था चालवते, जाहिराती नाहीत, पैसे नाहीत, बहुतेक गोष्टी वाचायला खातं पण लागत नाही. 2019 ला त्याला ह्युगो पुरस्कार मिळालाय, तेव्हा कुणी चिल्लर म्हणलं तर सांग. दोन नावांच्या मधे तिरकी रेघ असली तर प्रेमकथा, अँडचं चिन्ह असलं तर मैत्री किंवा घरची नाती. फिल्टरमध्ये फक्त पूर्ण झालेल्या गोष्टी दाखव असं करता येतं, तेवढी एक खूण केली की तुझा जीव टांगणीला लागायचा नाही. बहिणीसाठी रेटिंग बघ, जनरल आणि टीन ठेव, बाकीचे वगळून टाक. अन् प्रत्येक गोष्टीवर डाउनलोड आहे, ईपब घे, आखाड्यावर निवांत वाच.

कुडोस, म्हणजे वाचकांची पसंती, किती आहेत त्यावर जाऊ नको. जुन्या गोष्टींना वर्षानुवर्षं मिळत राहतात, नवी चांगली खालीच राहते.

बार्शीरोड (धाराशिव)

अक्कांनी सगळं सांगितलंच. मी एवढंच म्हणतो की सुरुवात छोट्या गोष्टीपासून कर. पाच-सात हजार शब्दांची घे, एका बैठकीत होते, लेखिका जमते का नाही ते कळतं, मग तिच्याच मोठ्या गोष्टीकडं जा. मी उलटं करणारे लई बघितले, पहिलीच तीन लाख शब्दांची उघडतात अन् आठ दिवसांत वाचनच सोडून देतात. अन् वाचून झालं की दोन ओळी कॉमेंट टाक ताई, इंग्लिश कसं का असंना. फुकट लिहितात बिचाऱ्या, तेवढ्यावरच पुढचा भाग येतो.

बीडची_सून

माझी आवडती तऱ्हा अक्कांना आवडणार नाही पण सांगतेच. जबरदस्तीच्या लग्नाची. म्हणजे काहीतरी होतं, दोघं एकटे सापडतात, गावात बोभाटा होतो अन् अब्रू वाचवायला लग्न लावून टाकतात, एलिझाबेथला तो अजून आवडत नसतो, त्याला वाटतंय तिला आवडतो. लग्न आधी, ओळख मग. मला ह्या गोष्टी एवढ्या लागतात कारण आमच्या आजीचं, आईचं सगळं असंच झालं की. आई सांगते लग्नानंतर कितीतरी दिवस तिनं बाबांचं तोंड नीट बघितलं नव्हतं, जेवायला वाढताना नुसते हात दिसायचे. मग ते प्रेम कधी झालं, कसं झालं, तिला सांगता येत नाही, ती नुसती हसते. ते जे मधलं आहे ना, परक्या घरात दोन परकी माणसं, कोण कधी उठतं, कुणाला काय खायला आवडतं, रागावला तर गप्प बसतो का बोलतो, ते मला ह्या गोष्टींत सापडतं. पेम्बर्लीसारख्या त्या एवढ्या मोठ्या घरात नवी आलेली एलिझाबेथ, हाताखाली एवढे नोकर, त्याची बहीण जॉर्जियाना बुजरी, अन् नवऱ्याशी बोलायचं तर काय बोलायचं. असल्या गोष्टी मी रात्री सगळे झोपल्यावर वाचते.

औसेकर_अक्का (लातूर)

सूनबाई, आवड तुझी आहे, मी कोण नाही म्हणणार. पण माझा जीव त्यात रमत नाही ते ह्यासाठी की ह्या पुस्तकाचा कणाच एलिझाबेथचा नकार आहे. एकदा नाही, दोनदा. कॉलिन्सला नाही म्हणते तेव्हा आई डोकं आपटून घेते, कारण बापामागं घर-जमीन सगळं त्या कॉलिन्सलाच जाणार, पोरगा नाही म्हणून. पुढं वर्षाला दहा हजार पौंडवाल्या डार्सीला नाही म्हणते. पदरात काही नसताना, चार बहिणी असताना. अन् तिची मैत्रीण शार्लट, सत्तावीस वर्षांची, ती त्याच कॉलिन्सला हो म्हणते कारण तिला घर पाहिजे. दोघींना शेजारी शेजारी ठेवलंय लेखिकेनं मुद्दाम. एलिझाबेथचा नाही म्हणायचा हक्कच गोष्टीनं काढून घेतला तर उरलं काय? शार्लट उरली.

बीडची_सून

अक्का बरोबर आहे तुमचं, म्हणूनच असल्यातल्या चांगल्या गोष्टी मोजक्याच आहेत. चांगल्या म्हणजे ज्यात तिचा नकार लग्नानंतर पण जिवंत राहतो. ती त्याला सांगते की मी तुमची बायको झाले ती बोभाट्यामुळं, मनानं नाही, अन् तो ते ऐकतो, खोलीचं दार तिच्या बाजूनं बंद राहतं, तो वाट बघतो, कितीही महिने लागू देत. मागणी घालतोच तो पुन्हा, लग्न झालेलं असून. ते वाचताना माझं रडून झालंय. अन् ज्या गोष्टीत नवरा आहे म्हणून तिनं गप्प बसावं असं आहे ती मी पण अर्ध्यात बंद करते, टॅग आधीच बघते, एओथ्रीवर लिहिणाऱ्या बहुतेक आधीच सांगून ठेवतात.

गोदाकाठची_वाचक (परभणी)

बाप रे, तुम्ही दोघी भांडा अजून, मला लई शिकायला मिळायलंय. अक्का, पत्र घेत नाही ती तऱ्हा शोधते आज. सूनबाई, लग्न झाल्यावर पुन्हा मागणी, हे तर वाचलंच पाहिजे.

एक विचारते, असलं मराठीत कुणी लिहिलंय का?

हत्तीबेट (उदगीर)

ताई, एओथ्रीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे पण गोष्टी अगदी कमी आहेत. म्हणून मीच लिहायला घेतलंय, अजून कुठं टाकलं नाही. इंग्लंड ठेवलं नाही, सगळं आपल्याकडं आणलंय, उदगीर अन् आजूबाजूला, आजच्या काळात. पाच बहिणी, वडील कोर्टातून रिटायर, पुस्तकात तोंड घालून बसणारे, आईला लग्नांची काळजी. इथपर्यंत काही बदलावं लागलं नाही, आमच्या गल्लीतच सापडतं सगळं.

अडकलो कुठं तर त्या जमिनीच्या भानगडीत. मूळ कथेत जायदाद पुरुष वारसालाच जायची, म्हणून एलिझाबेथच्या आईचा, मिसेस बेनेटचा सगळा आकांत. आजच्या काळात आणलं तर 2005 च्या कायद्यानंतर पोरींना वडिलोपार्जित जमिनीत पोरांइतकाच हिस्सा आहे. मग आईचा आकांत खोटा वाटतो अन् तो खोटा वाटला की बाकीचं सगळं पडतं. लई दिवस विचार केला. मग हक्कसोड आठवलं. कायदा काही का म्हणंना, आपल्याकडं पोरींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतातच की, चुलते म्हणतात माहेर पाहिजे का जमीन पाहिजे. तर माझ्या गोष्टीत मोठ्या दोघी सोडून बाकीच्यांनी सह्या करायच्या का नाही ह्यावर घरात तणाव आहे, चुलत्याचा पोरगा म्हणजे आपला कॉलिन्स, सोसायटीचा सचिव, तो येऊन म्हणतो की मी एकीशी लग्न करतो म्हणजे सह्यांचा प्रश्नच मिटला. त्याला नाही म्हणणं म्हणजे काय हे आता आपल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

जेन आजारी पडते अन् एलिझाबेथ तीन मैल चिखलातून चालत नेदरफील्डला, जिथं डार्सी मित्राकडं उतरलाय तिथं जाते, घागऱ्याला सहा इंच चिखल, ते तर आपल्याकडं जास्तच शोभलं. काळी माती आहे, पाऊस पडून गेलेला, चप्पल पावलापावलाला जड होत जाते, शेवटी ती चपला हातात घेते अन् अनवाणी फार्महाऊसच्या फरशीवर येते, तिथं सगळे शहरातले पाहुणे बसलेले. फरशीवर पायाचे काळे ठसे उमटत जातात. एक बाई ते ठसे बघून नाक मुरडते अन् डार्सी ठसे बघत नाही, तोंड बघतो, चालून लाल झालेलं. हा प्रसंग मी लिहून काढला तेव्हा वाटलं की बाबा गोष्ट जमायली.

विकम पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली राहणारा, गोड बोलणारा, ऑनलाइन बेटिंगमध्ये कर्ज करून बसलेला. धाकटी त्याच्याबरोबर जाते. तिथं मी जपून लिहायलोय, कारण पोरगी घरातून गेली म्हणल्यावर आपल्याकडं काय काय होऊ शकतं ते सगळ्यांना माहिती आहे, त्यात मजा घ्यायची नाही. डार्सी पैसे भरतो, कुणाला सांगत नाही, ते मूळ कथेसारखंच ठेवलं.

आता पत्राचं ठरंना. आजचा डार्सी व्हॉट्सॲप करेल का? मला पटत नाही. मेसेज म्हणलं की निळी टिक आली का बघत बसणार, अन् त्यानं तर उत्तराची अपेक्षा न ठेवता दिलंय. कागदच ठेवू का?

औसेकर_अक्का (लातूर)

कागदच ठेव लेकरा. हातानं लिहिलेला, दुमडून दुमडून झिजलेला. मेसेज डिलीट होतो, कागद ती पुन्हा पुन्हा वाचू शकते अन् पुस्तकात ती तेच करते, पाठ होईपर्यंत वाचते. पहिल्या वाचनात तिला सगळं खोटं वाटतं, मग एकेक वाक्य उलटून बघते अन् तिचंच तिला कळत जातं. मोबाईलच्या पडद्यावर ते होणार नाही.

नाथनगरी (पैठण)

पत्राचं निघालं म्हणून लिहितो. मी इंग्रजी कादंबऱ्या फार वाचलेल्या नाहीत, नातीमुळं हा धागा बघितला. पण प्रेमपत्राची गोष्ट म्हणाल तर आपल्याकडं रुक्मिणीचं पत्र आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात सात श्लोक, नुसतं गुण ऐकून मनानं वरलेल्या कृष्णाला तिनं ब्राह्मणाच्या हाती धाडलेलं, अन् त्यात कुठं या, कधी या, अंबिकेच्या देवळाला मी बाहेर निघेन तेव्हा न्या, असं सगळं व्यवस्थित कळवलंय. आमच्या नाथमहाराजांनी तो प्रसंग घेऊन काशीला असताना 1571 मध्ये रुक्मिणी स्वयंवर लिहिलं, अठरा प्रसंगांचं. लग्न जमावं म्हणून पोरी अजून त्याचं पारायण करतात. नाथांनी लिहिलं ते भक्तीनं, ते वेगळंच आहे, त्याची बरोबरी मी करत नाही. पण ऐकलेली गोष्ट मनात घर करून बसली की ती आपल्या बोलीत, आपल्या घरातल्या लग्नासारखी पुन्हा सांगावी वाटते, हे ह्या भागात जुनं आहे. तेव्हा उदगीरच्या त्या लेकरानं संकोच करू नये. लिहावं. आणि तुम्ही पोरींनी रुक्मिणीचे ते सात श्लोक अर्थासकट एकदा वाचा, पहिलाच शब्द बघा कुठून सुरू होतो, तुझे गुण ऐकले म्हणून.

बीडची_सून

आजोबा, मी लग्नाआधी पारायण केलंय, पण पत्र म्हणून कधी वाचलंच नव्हतं. उद्या पोथी काढते.

गोदाकाठची_वाचक (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र न घेणारी एक सापडली, पूर्ण झालेली, टीन रेटिंग, ईपब करून घेतली. चार प्रकरणं झाली. अक्का, तो बोलायला सुरुवात करतो अन् पहिलंच वाक्य चुकतं, पुन्हा सुरू करतो, ती निघून जायला लागते, तेवढ्यात तो बहिणीचं नाव घेतो. तिथं थांबलेय सध्या, आई भाकरी टाकायला बोलावायली.

हत्तीबेट दादा, पहिला भाग टाका आता, अक्षर अन् अक्षर वाचते. अन् दुसऱ्या मागणीचा प्रसंग ठरला नसंल तर नळदुर्गला ठेवा ना, पावसाळ्यात, पाणीमहालावरून नर अन् मादी दोन्ही धबधबे सुरू असताना. पाण्याचा आवाज एवढा असतो की एकमेकांच्या अगदी जवळ येऊन बोलावं लागतं.

हत्तीबेट (उदगीर)

ताई मी पेम्बर्लीसाठी एका वाड्याचा विचार करत होतो, पण हे लई भारी आहे. नळदुर्ग पक्कं. पहिला भाग रविवारी टाकतो, अक्का तुम्ही आधी एकदा तपासून द्याल का?

औसेकर_अक्का (लातूर)

पाठव. पण डार्सी हसताना दिसला तर परत पाठवीन, निदान निम्मी गोष्ट होईपर्यंत.